"हे इमो नाहीच्चे!" असं कुणी म्हणालं तर: इमोच्या वादात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

इमो म्हणजे हार्डकोरमधून, म्हणजे पंक रॉकच्या अजून वेगवान आणि आक्रमक प्रकारातून, ८०च्या दशकात अमेरिकेत निघालेलं संगीत. ते ऐकायला लागलेल्या जवळपास प्रत्येकावर ही वेळ एकदा येतेच. तुम्हाला एखादं गाणं भयंकर आवडलेलं असतं, दिवसभर तेच लावून बसलेले असता, आणि मग ते कुणाला तरी ऐकवायला जाता तर समोरचा अर्ध्या मिनिटात म्हणतो, "हे इमो नाहीच्चे." माझ्यावर ही वेळ २००७ साली आली. अकरावीत होतो, मावसभावाने सीडी राइट करून दिली होती, त्यावर फॉल आउट बॉय, माय केमिकल रोमान्स असं सगळं होतं आणि वर मार्करने "इमो" लिहिलेलं. कॉलेजच्या कट्ट्यावर एका सीनियरने ती बघितली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की यातला एकही बँड इमो नाही. मी ती सीडी कपाटात टाकली ती दोन वर्षं बाहेर काढली नाही.

त्याचं म्हणणं अर्धं बरोबर होतं हे नंतर कळलं. पण खरं इमो कुठलं, ते कुठून आलं, काय ऐकू, यातलं त्याने काहीच सांगितलं नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून हे लिहितोय. कुठल्या क्रमाने काय ऐकायचं, कुठले प्रश्न विचारायचे आणि "हे इमो आहे का" याचं उत्तर स्वतःचं स्वतः कसं काढायचं, हे सगळं पायरी पायरीने सांगतो.

पायरी १: "इमोशनल" हा शब्द आधी बाजूला ठेवा

सगळा घोळ इथून सुरू होतो. इमो म्हणजे इमोशनल, मग ज्या गाण्यात इमोशन ते इमो, असं नवीन माणसाला वाटणारच. पण आपल्याकडे भावगीत म्हणतो तेव्हा काय म्हणतो बघा. भाव तर लावणीत पण आहे, नाट्यपदात पण आहे, अभंगात तर आहेच आहे, तरी आपण त्यातल्या कशालाच भावगीत म्हणत नाही. भावगीत म्हटलं की गजाननराव वाटव्यांपासून चालत आलेली एक विशिष्ट चाल, छोटी कविता, रेडिओ, तो गळा, असं सगळं एकदम डोळ्यासमोर येतं. शब्दाचा अर्थ एक आणि शब्द ज्याला चिकटला ती गोष्ट वेगळी. इमोचं डिट्टो तसंच आहे.

आणि ही तक्रार काही आजची नाही. वॉशिंग्टन डीसीमध्ये ८०च्या दशकाच्या मध्यावर या संगीताला "इमोकोर" म्हणजे इमोशनल हार्डकोर म्हणायला लागले तेव्हा इयन मकाय, ज्याचा एम्ब्रेस हा बँड या प्रकारातल्या पहिल्या दोन नावांपैकी एक धरला जातो, तो १९८६ साली स्टेजवरूनच या शब्दावर तुटून पडला होता. त्याचं म्हणणं साधं होतं, की हार्डकोर आधी काय इमोशनल नव्हतं का? म्हणजे ज्यांनी हे संगीत केलं त्यांनीच पहिल्या दिवसापासून हे नाव झिडकारलं. त्यामुळे "तो बँड स्वतःच म्हणतो आम्ही इमो नाही" हा मुद्दा वादात कुणी काढला तर गडबडून जाऊ नका. त्या हिशोबाने इमो बँड जगात एकही उरणार नाही.

पायरी २: १९८५ ऐका, पण त्याच्या आधी १९८१ ऐका

हे उलट वाटेल पण करून बघा. आधी मायनर थ्रेट लावा. मकायचाच आधीचा बँड, १९८० ते ८३. त्यांचं सगळ्यात प्रसिद्ध गाणं पाऊण मिनिटाच्या आसपास संपतं. सगळं सरळ, वेगात, छातीवर बोट ठेवून सांगितल्यासारखं. आणि मग लगेच राइट्स ऑफ स्प्रिंगचा १९८५चा अल्बम लावा. गाव तेच, लेबल तेच म्हणजे डिस्कॉर्ड, अल्बमचा प्रोड्यूसर स्वतः मकाय, रेकॉर्डिंग झालं आर्लिंग्टनच्या इनर इअर स्टुडिओत, जो तेव्हा डॉन झिएंटाराच्या घराच्या तळघरात होता. ड्रम्सचा वेग अजून हार्डकोरचाच आहे, पण गिटार आता नुसती ठोकत नाही, तिच्यात सूर सुटे सुटे ऐकू येतात, आणि गी पिचोटो गातो तेव्हा ओळीच्या शेवटी आवाज फाटतो आणि तो सावरायला जात नाही, तसाच फाटलेला पुढच्या ओळीत घेऊन जातो. राग आहेच, पण तो सिस्टिमवर किंवा समोरच्या कुणावर नाही, निसटून गेलेल्या काहीतरी गोष्टीवर आहे. हा फरक कानाला एकदा कळला ना, की पुढचे निम्मे वाद तुम्हाला आपोआप समजतात.

हे १९८५लाच का झालं तेही बघायला पाहिजे. डीसीचे हार्डकोरचे शो तोपर्यंत मारामारीचे अड्डे झाले होते, स्किनहेड म्हणजे डोकं भादरलेली, भांडायला आलेली पोरं यायची, स्टेजसमोर उभं राहणं मुश्किल. जी पोरं सुरुवातीपासून या सीनमध्ये, म्हणजे गावातल्या बँड आणि ऐकणाऱ्यांच्या वर्तुळात होती ती कंटाळली आणि त्यांनी ठरवून नवे बँड काढले, नवं वागणं ठरवलं. त्या उन्हाळ्याला ते रेव्होल्यूशन समर म्हणतात. त्याच वर्षी हीच मंडळी दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर वर्णभेदाविरुद्ध ढोल-डबे बडवत उभी होती. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण इमो म्हणजे आपल्या खोलीत बसून रडणं अशी जी समजूत आहे ती उगमाला अजिबात लागू होत नाही.

मग पहिला इमो बँड कुठला? बहुतेक जण राइट्स ऑफ स्प्रिंग म्हणतील. कुणी मिनेसोटाच्या हस्कर डूचं नाव घेईल, त्यांचा १९८४चा डबल अल्बम पुढे करेल, आणि त्यात तथ्य आहे, हार्डकोरमध्ये चाल आणि आतली घालमेल त्यांनी आधी आणली. कुणी द फेथ म्हणेल, १९८३. मला वैयक्तिक द फेथवाल्यांचं म्हणणं जास्त पटतं आणि त्याचं कारण आहे नातं. द फेथचा गिटारवाला एडी जॅनी पुढे राइट्स ऑफ स्प्रिंगमध्ये गेला. उरलेले तिघे इयन मकायबरोबर एम्ब्रेसमध्ये गेले. आणि द फेथमध्ये गाणारा कोण, तर इयनचा धाकटा भाऊ अ‍ॅलेक. म्हणजे धाकट्या भावाचा बँड मोडला आणि त्यातून पहिले दोन इमो बँड निघाले. उगम एका रेकॉर्डमध्ये शोधण्यापेक्षा या चार-पाच पोरांच्या येण्याजाण्यात शोधला तर जास्त स्पष्ट दिसतो.

पायरी ३: घराण्यासारखा विचार करायला लागा

ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या घरात वाढला असाल तर हे तुम्हाला शिकवायला नको. गवई किराण्याचा आहे हे आपण तो किती भावपूर्ण गातो यावरून ठरवत नाही, कुणाकडे शिकला, कुणाची तालीम, सूर कसा लावतो यावरून ठरवतो. आणि त्याच वेळी भीमसेनजी किराण्याचे असूनही त्यांनी इतर घराण्यांतलं किती काय घेतलं हे सांगताना आपल्याला काही अडचण पण येत नाही. इमोलाही हेच लावा. "हे किती दुःखी आहे" हा प्रश्न सोडा, त्याऐवजी हे तीन विचारा:

एक, हे लोक कुठल्या सीनमधून आले, आधी कुठल्या बँडमध्ये होते, कुणाबरोबर वाजवलं?
दोन, गाण्यात हार्डकोर-पंकचं हाड आहे का, म्हणजे ड्रम्समध्ये, गिटारच्या चढउतारात, आवाज फाटू देण्यात?
तीन, यांच्यानंतरच्या कुणी यांना आपलं मानलं का?

तिन्हीला हो आलं तर वाद संपला. दोन प्रश्नांना हो आलं तर वाद करण्यात मजा आहे. एकालाही हो नसेल तर ते छान दुःखी गाणं आहे, आवडत असेल तर जरूर ऐका, पण इमो म्हणू नका.

पायरी ४: मिडवेस्ट, आणि इथे जरा थांबा

९०च्या दशकात हे सगळं डीसीच्या बाहेर पसरलं, आणि सगळ्यात जास्त रुजलं ते मिडवेस्टमध्ये, म्हणजे शिकागोच्या आसपासच्या मध्य अमेरिकेत. सिएटलच्या सनी डे रिअल इस्टेटचा पहिला अल्बम १९९४ला सब पॉप या लेबलवर आला आणि त्यात हार्डकोरचं वादळ जाऊन एक मोठा, हळू चढत जाणारा आवाज आला. सॅन फ्रान्सिस्कोकडचा जॉब्रेकर, टेक्ससचा मिनरल, मिलवॉकीचा द प्रॉमिस रिंग, कॅन्सस सिटीचा द गेट अप किड्स, इलिनॉयचा ब्रेड. आणि शिकागोजवळची शाळकरी पोरं, कॅपन जॅझ, किन्सेला बंधू. अगदी कच्चं, सुराबाहेर जाणारं, उत्साहाने फुटणारं संगीत. १९९५ला बँड मोडला, आणि त्यातल्या लोकांनी पुढे इतके बँड काढले की मिडवेस्ट इमोची वंशावळ काढायला बसलात तर निम्म्या रेघा इथेच येऊन मिळतात.

त्यातली एक रेघ म्हणजे अमेरिकन फुटबॉल हा बँड. कॅपन जॅझचा ड्रमर माइक किन्सेला इथे गिटार घेऊन गातो. १९९९चा एकच अल्बम, त्यानंतर बँड बंद, २०१४ला परत. कव्हरवर अर्बानामधलं एक साधं पांढरं घर, वरच्या खिडकीत उजेड. आज लोक त्या घरासमोर जाऊन फोटो काढतात.

गिटार वाजवत असाल तर वाचणं थांबवा आणि हे करा. अल्बमच्या पहिल्या गाण्याचं ट्यूनिंग असं आहे: सगळ्यात जाड ई तार अर्धा स्वर वर, एफला. ए तशीच. डी पूर्ण एक स्वर खाली, सीला. जी तशीच. बी अर्धा स्वर वर, सीला. पातळ ई तशीच. वर चढवायच्या तारा हळू चढवा, जुन्या असतील तर तुटतात. आता डावा हात लावूच नका, फक्त सहाही तारांवरून अंगठा फिरवा. जे वाजलं तो एफ मेजर नाइन कॉर्ड आहे. मेजर आहे म्हणजे उजळ आहे, पण वरचे स्वर त्याला पूर्ण बसू देत नाहीत, काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. मला हे पहिल्यांदा वाजवल्यावर एकदम कळलं की या संगीतातलं दुःख मायनर कॉर्डमध्ये नाहीये, मोकळ्या तारा मागे घुमत राहतात आणि बोटं त्यावर बारीक चाल काढत जातात, त्या घुमण्यात ते आहे. शब्दांकडे लक्ष दिलं नाही तरी पोचतं.

आता इथे खरा पेच बघा. हे हार्डकोर आहे का? कानाला अजिबात नाही. कुणी ओरडत नाही, ट्रंपेटसुद्धा वाजतो. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर जवळपास नाही असंच येतं. पण पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला इतकं ठाम हो येतं की याला इमोच्या बाहेर काढायची हिंमत आज कुणी करत नाही. म्हणजे १९८५ला जे हाड होतं ते १५ वर्षांत गळून पडलं आणि तरी नाव टिकलं. जो माणूस म्हणतो की खरं इमो म्हणजे फक्त डीसीचं इमोशनल हार्डकोर, त्याला हे विचारा. शांतपणे विचारा, कारण तो विचारात पडेल, आणि तिथून गप्पा चांगल्या सुरू होतात.

पायरी ५: ओरडणारी शाखा

ही थोडक्यात सांगतो, कारण हिच्यात उतरलात की तुम्ही स्वतःच महिनाभर बाहेर येणार नाही. ज्यांनी हाड सोडलं नाही, उलट अजून टोकाला नेलं ते म्हणजे सॅन डिएगोचा हेरोइन, न्यूयॉर्कचा सेशिया, मॅसॅच्युसेट्सचा ऑर्किड. याला स्क्रीमो म्हणतात. पुढे २०००नंतर रेडिओवरच्या मेटलसारख्या बँडना पण स्क्रीमोच म्हणायला लागले म्हणून जुन्या लोकांनी स्वतःसाठी स्क्राम्झ हा शब्द धरला. कुणी स्क्राम्झ म्हणालं की समजायचं की त्याला ही शाखा म्हणायचीये. जपानचा एन्व्ही, इटलीचे राइन आणि ला क्विएटे हे पण इथलेच, म्हणजे इमोला अमेरिकेची सीमा पण लागत नाही.

पायरी ६: आता ती २००७ची सीडी काढा

सगळ्यात जास्त भांडण २००१ ते २००८ या काळावर होतं. जिमी ईट वर्ल्ड रेडिओवर गेला, डॅशबोर्ड कन्फेशनल एमटीव्हीवर गेला, मायस्पेस ही सोशल साइट आली, डोळ्यावर येणारे केस, काळं काजळ, चट्ट्यापट्ट्यांचे मोजे, आणि इमो हा जॉनर न राहता एक पोरांचा प्रकार झाला. मेक्सिकोत २००८ला केरेतारोमध्ये जमाव जमवून इमो पोरांना मारलं. त्या मार खाणाऱ्या पोरांना कुणी विचारलं नसेल की तुम्ही राइट्स ऑफ स्प्रिंग ऐकलंय का. त्यामुळे "ते इमो नव्हतेच" असं सहज म्हणून टाकायला माझी जीभ रेटत नाही. शब्द त्यांच्या अंगावर पडला होता, त्यांनी त्याची किंमत मोजली.

पण संगीत म्हणून विचारायचं तर तीन प्रश्न लावूया, आणि इथे निकाल अनेकांना अनपेक्षित लागतो.

माय केमिकल रोमान्स. त्यांचा गायक जेरार्ड वे याने २००७मध्ये एका मुलाखतीत इमो या शब्दालाच शिव्या घातल्या, आपण इमो नाही म्हणून सांगितलं, आणि गेटकीपर लोक, म्हणजे कोण आत कोण बाहेर हे ठरवत बसणारे, ते आनंदाने पुढे करतात. पण बँड न्यू जर्सीचा, २००२चा पहिला अल्बम प्रोड्यूस केला थर्सडेच्या जेफ रिकलीने, आणि थर्सडे म्हणजे न्यू ब्रन्सविकच्या तळघरांतल्या शोमधून वर आलेला, हार्डकोर आणि इमो दोन्हीत पाय असलेला बँड. थर्सडेचा २००१चा अल्बम आणि माय केमिकलचा पहिला अल्बम पाठोपाठ लावा, हाड ऐकू येतं. २००६चा त्यांचा तो मोठा मिरवणुकीसारखा अल्बम मात्र माझ्या मते इमो नाही, तो थिएटर आहे, क्वीन या बँडच्या बाजूला झुकलेला रॉक आहे. म्हणजे एकच बँड एका अल्बमला आत आणि दुसऱ्याला बाहेर. असं म्हणायला घाबरू नका, बँडवर शिक्का मारण्यापेक्षा रेकॉर्डवर बोललं की वाद लगेच सुधारतो.

फॉल आउट बॉय. गाणी पॉप, चकचकीत, कोरस मैदानात गायचे. पण बेसवाला पीट वेंट्झ आणि ड्रमर अँडी हर्ली दोघं शिकागोच्या हार्डकोर बँडमधून आले, रेसट्रेटरमध्ये वाजवलेले. मूळ सापडतं, हाड पॉपखाली झाकलेलं आहे. मी याला पॉप-पंक म्हणतो, पण कुणी इमो म्हणालं तर भांडत नाही.

पॅनिक अ‍ॅट द डिस्को. लास व्हेगासची पोरं, इंटरनेटवरून पीट वेंट्झला गाणी पाठवली आणि त्याने आपल्या लेबलवर घेतलं. नातं आहे पण ते दत्तक घेतल्यासारखं. इथे मी नाही म्हणतो. एव्हानसेन्स, लिंकिन पार्क यांचं तर घराणंच वेगळं, तिकडे जाऊच नका.

आणि एक उलटी केस पण हाताशी ठेवा. वीझरचा १९९६चा दुसरा अल्बम. या लोकांचा इमो सीनशी काही संबंध नव्हता, अल्बम तेव्हा पडला, पण पुढची एक अख्खी पिढी त्याच अल्बमवर गाणी लिहायला शिकली. पहिला प्रश्न नाही, तिसरा प्रश्न जोरात हो. मी दहा वर्षं यावर मत बदलत आलोय. सध्या आत आहे.

पायरी ७: बोलताना

कुठल्या काळाबद्दल बोलताय ते आधी सांगा. "९०चं इमो", "मिडवेस्ट", "२०००चं मेनस्ट्रीम इमो", "स्क्राम्झ" असं म्हटलं की समोरच्याला कळतं आणि निम्मं भांडण तिथेच मिटतं. पहिली लाट (८०चं डीसी), दुसरी लाट (९०चं) असे काळाचे आकडे पण चालतात, पण पाचवी लाट सुरू झाली की नाही यावर स्वतंत्र भांडण आहे, त्यात नवीन असताना पडू नका. फिलाडेल्फियाकडचे अल्जर्नन कॅडवॉलडर, २००८चा अल्बम, यांच्यापासून जी चौथी म्हणतात ती ऐका, कॅपन जॅझ ऐकून झाल्यावर ऐका म्हणजे नातू आजोबांसारखा कसा दिसतो ते कळेल.

आणि सीमा आखताना कोण बाहेर राहतंय ते बघा. २००३ साली संगीतावर लिहिणाऱ्या जेसिका हॉपरने पंक प्लॅनेट या मासिकात एक लेख लिहिला होता, की इमोमध्ये मुली फक्त गाण्यात असतात, सोडून गेलेल्या, दोषी, बिननावाच्या, स्टेजवर कुठे असतात? ती स्वतः या सीनमधली होती, बाहेरून दगड मारत नव्हती. लोक उगमाच्या याद्या काढतात तेव्हा डीसीचा फायर पार्टी, सगळ्या मुलींचा बँड, हमखास सुटतो. मॅडिसनच्या रेनर मारियात कॅथलिन डी मरे गायची, तोही सुटतो. मुलगी गाते त्या पॅरामोरला तर "पॉप आहे" म्हणून एका वाक्यात काढतात आणि तितकाच पॉप असलेला पोरांचा बँड आत ठेवतात. तुमची यादी झाली की एकदा या नजरेने परत वाचा, मी माझी वाचली तेव्हा चार नावं वाढली.

कुणी नवीन माणूस चुकीच्या बँडला इमो म्हणाला तर आधी विचारा त्यात त्याला काय आवडलं. ओरडणं आवडलं असेल तर सेशिया द्या, गिटार आवडली असेल तर अमेरिकन फुटबॉल, कोरस आवडला असेल तर द गेट अप किड्सचा १९९९चा अल्बम, शब्द आवडले असतील तर जॉब्रेकर. त्या सीनियरने मला त्या दिवशी यातलं एक नाव जरी दिलं असतं तरी माझी दोन वर्षं वाचली असती.

आठवडाभराचा क्रम हवा असेल तर: सोमवारी मायनर थ्रेट आणि राइट्स ऑफ स्प्रिंग, मंगळवारी एम्ब्रेस, बुधवारी सनी डे रिअल इस्टेट, गुरुवारी कॅपन जॅझ, शुक्रवारी रात्री दिवे बंद करून अमेरिकन फुटबॉल, शनिवारी थर्सडे आणि लगेच माय केमिकलचा पहिला. रविवारी तुम्ही जिथून सुरुवात केली होती तेच पहिलं गाणं परत लावा.